अर्धा चेहरा उडतो तेव्हा : हेमिफेशियल स्पाझमच्या निदानापासून ऑपरेशननंतरच्या वर्षापर्यंत

ताईचा डावा डोळा लवायला लागला तेव्हा घरात कुणाला काळजी वाटली नाही. बाईचा डावा डोळा लवणं शुभ, असंच आपण लहानपणापासून ऐकतो. द्राक्षाचा हंगाम तोंडावर होता, बागेला यंदा भाव लागणार असं आई म्हणाली. हंगाम सरला, पुढचा आला, डोळा लवायचा थांबेना. आधी नुसती खालची पापणी फडफडायची. मग गाल ओढला जाऊ लागला, मग ओठाचा कोपरा, आणि चौथ्या वर्षी गळ्याची कातडीसुद्धा.

ताई तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका मुलानं भर वर्गात विचारलं, "बाई, तुम्ही मला डोळा का मारताय?" त्या दिवसापासून ती फळ्याकडे तोंड करून शिकवू लागली. एसटीत खिडकीकडे तोंड, लग्नात गालावर पदर, फोटोत कायम उजवी बाजू पुढे. डोळा मारणारी बाई म्हणून कुणी बघणं म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्या बाईलाच कळेल.

नेमकं निदान व्हायला सात वर्षं गेली. मी सांगलीत विश्रामबागला राहते, त्यामुळे दवाखान्यांची धावपळ माझ्याकडे होती. मी डॉक्टर नाही. पण या वाटेवर कुठे वेळ वाया गेला, काय विचारायला हवं होतं आणि कशाला उगाच घाबरलो, हे आता पक्कं माहीत आहे. तुमच्या घरात कुणाचा अर्धा चेहरा असा उडत असेल तर हे शांतपणे वाचा. हा आजार जिवावर उठणारा नाही, त्यामुळे विचार करायला तुमच्याकडे वेळ आहे.

नस म्हणजे कोणती नस?

आजाराचं नाव हेमिफेशियल स्पाझम. चेहऱ्याच्या एकाच बाजूचे स्नायू आपोआप आखडतात आणि सुटतात. साधारण लाखात दहाजणांना होतो, बायकांमध्ये जास्त, आणि बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो.

"नस दबली आहे" एवढंच आम्हाला पहिल्यांदा सांगितलं गेलं आणि तिथेच घोळ झाला. आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि संवेदना-हालचाल वाहून नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. दाजींना वाटलं, रक्त अडलंय, आता लकवा मारणार. प्रत्यक्षात इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चेहरा हलवणारी चेतातंतूची दोरी, म्हणजे फेशियल नर्व्ह. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही सातवी. दुसरी म्हणजे शेजारून जाणारी धमनी. कुणाच्याही रक्तात काही अडलेलं नसतं. धमनी निरोगीच असते, फक्त तिचं वळण नको तिथे येऊन टेकलेलं असतं.

मेंदूच्या देठातून ही नर्व्ह जिथे बाहेर पडते, तिथे तिच्यावरचं आवरण सगळ्यात नाजूक असतं. वय वाढतं तशी धमनी लांबते, वेडीवाकडी होते आणि तिचा एखादा वेटोळा नेमका तिथे टेकतो. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती तिथे धडकते. वर्षानुवर्षं घासून आवरण झिजतं आणि एका तारेतला करंट शेजारच्या तारेत उतरावा तसं होतं : डोळा मिटायचा निरोप तोंडाच्या स्नायूलाही पोचतो. शेतातल्या मोटरची वायर झाडाच्या फांदीवर घासून उघडी पडलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला हे लगेच समजेल.

म्हणून "टेन्शन घेऊ नका, बरं वाटेल" हा सल्ला अपुरा आहे. ताण, जागरण, चारचौघांत बोलणं यांनी झटके वाढतात, हे खरं. पण त्यांच्यामुळे आजार होत नाही. ताई गाढ झोपलेली असताना तिचा गाल उडताना मी मोबाइलच्या उजेडात पाहिला आहे. झोपेतही न थांबणारी गोष्ट मनाचा खेळ नसते.

दवाखान्यात जाण्याआधी घरी काय करायचं

व्हिडिओ काढा. झटके सतत नसतात, आणि तपासणीच्या दहा मिनिटांत चेहरा नेमका शांत राहतो. आमच्या दोन फेऱ्या अशाच फुकट गेल्या. चेहरा पूर्ण दिसेल असा, खिडकीच्या उजेडात, मिनिट-दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. एक नुसतं बसलेलं असताना, एक बोलताना, आणि एक डोळे घट्ट मिटून उघडताना. झोपेतला मिळाला तर फारच चांगलं.

व्हिडिओ बघताना भुवईकडे लक्ष द्या. ताई आरशासमोर केस विंचरत असताना मला हे पहिल्यांदा दिसलं : डावा डोळा मिटत होता आणि त्याच वेळी डावी भुवई वर चढत होती. तुम्ही मुद्दाम करून बघा, एक डोळा मिटताना त्याच बाजूची भुवई वर नेणं जमत नाही. हे चिन्ह डॉक्टरांनाही निदानाला उपयोगी पडतं.

याच्यासारखे दिसणारे दुसरेही त्रास आहेत. नुसती एक पापणी काही दिवस फडफडून थांबली तर ती बहुधा जागरणाची, जास्त चहा-कॉफीची किंवा थकव्याची असते. दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत असतील तर तो वेगळा आजार, ब्लेफरोस्पाझम. आधी कधी तोंड वाकडं होऊन बरं झालं असेल, तर त्यानंतरही स्नायू असे एकमेकांच्या ओढीनं हलतात. म्हणून तो जुना इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि गालात वीज चमकल्यासारखी कळ येत असेल तर ते पाचव्या नर्व्हचं दुखणं. हेमिफेशियल स्पाझममध्ये सहसा दुखत नाही. माणूस खचतो तो लाजेनं आणि ऐन वेळी डोळा मिटल्यामुळे. ताईनं स्कूटी चालवणं याच कारणानं सोडलं.

कुणाकडे जायचं, कोणता एमआरआय

पहिल्यांदा न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नर्व्हचे डॉक्टर. आम्ही डोळ्यांच्या, मग दातांच्या, मग मानसोपचाराच्या दारातून फिरत फिरत तिथे पोचलो. सांगलीकरांना यासाठी लांब जायची गरज नाही, मिरज हे पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यांचं गाव आहे. साताऱ्याकडच्या लोकांना कराड जवळ पडतं.

एमआरआयबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. आमचा पहिला एमआरआय नॉर्मल आला होता आणि त्या एका शब्दावर आमचं दीड वर्ष गेलं. साध्या एमआरआयचे काप जाड असतात, त्यात दोऱ्याएवढी नर्व्ह आणि तिच्यावरची धमनी दिसेलच असं नाही. यासाठी बारीक कापांचा खास क्रम लागतो, त्याला सिस किंवा फिएस्टा म्हणतात, आणि सोबत रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी. त्यात मेंदूभोवतालचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि नर्व्ह आणि धमन्या काळ्या रेघांसारख्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "डाव्या बाजूचा हेमिफेशियल स्पाझम, सातव्या नर्व्हसाठी" असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे सेंटरवाले त्याच हिशोबानं स्कॅन करतात. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या. सर्जन रिपोर्टपेक्षा चित्र बघतो.

या तपासणीत दुसरी गोष्ट बघतात ती म्हणजे गाठ किंवा फुगलेली धमनी नाही ना. क्वचित तसं कारण निघतं आणि मग सगळा मार्गच बदलतो. उलट धमनी नर्व्हला टेकलेली दिसली म्हणजेच आजार आहे, असंही नाही. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही असा वेटोळा सापडतो. निदान चेहरा बघून होतं, एमआरआय त्याला साथ देतो.

गोळ्या आणि इंजेक्शन

कार्बामॅझेपिन, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन अशा गोळ्या देतात. काहींना थोडा आराम पडतो, बहुतेकांना झोप आणि गरगरणंच जास्त. कार्बामॅझेपिन ही फिटवरची गोळी आहे, म्हणून मेडिकलवाल्यानं विचारलं तर घाबरू नका, हा आजार फिटचा नाही. मात्र ती सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, त्यात वाट बघायची नाही.

बोटॉक्सचं इंजेक्शन हा खरा उपाय आहे आणि तो कमी लेखू नका. सुरकुत्यांच्या जाहिरातींमुळे आपल्याकडे त्याला नटनट्यांचं औषध समजतात, पण अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या अशाच आजारांसाठी. अगदी बारीक सुईनं डोळ्याभोवती आणि गालावर काही ठिकाणी टोचतात, भरती व्हावं लागत नाही. चार-आठ दिवसांत झटके शांत होतात आणि तीन-चार महिने बरं जातं. मग पुन्हा घ्यायचं. ताईनं दोन वर्षं घेतलं. एकदा पापणी खाली उतरली आणि तीन आठवडे तशीच राहिली. डोळा कोरडा पडायचा, थेंब घालावे लागायचे. पण त्या दोन वर्षांत ती पुन्हा वर्गाकडे तोंड करून उभी राहिली.

इंजेक्शन फांदी घासते ती जागा बदलत नाही, फक्त दिवा मंद करतं. तरीही वय जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवता येत नसतील, तर आयुष्यभर इंजेक्शनवर राहणं हा पूर्ण शहाणा निर्णय आहे. ऑपरेशन न करणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

ऑपरेशन करायचं का, हे ठरवताना

ऑपरेशनचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डिकॉम्प्रेशन, बोलताना सगळे एमव्हीडी म्हणतात. पीटर जॅनेटा या अमेरिकन न्यूरोसर्जननी १९६६ साली या आजारासाठी ते सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा केलं. मूळ कारणावर जाणारा उपाय हा एकच. अनुभवी हातात दहातल्या साधारण नऊजणांचे झटके पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण थांबतात. थोड्या लोकांत पुढे काही वर्षांनी पुन्हा सुरू होतात.

डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की घरात रडारड होते. आमच्याकडेही झाली. पण भीती नेमकी कशाची बाळगायची ते समजून घ्या. मृत्यू किंवा स्ट्रोक (मेंदूचा झटका) हे धोके आहेत, मात्र अगदी विरळ. जास्त विचार करायला लावणारा धोका आहे कानाचा. ऐकण्याची आठवी नर्व्ह सातवीला अगदी खेटून असते. शेकडा एक ते पाचच्या दरम्यान रुग्णांत त्या बाजूचं ऐकणं कमी होतं किंवा जातं. म्हणून ऑपरेशनआधी दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्याच. ज्याचा दुसरा कान आधीच गेलेला आहे, त्यानं या एका धोक्यासाठी दहा वेळा विचार करावा.

सर्जनला भेटताना आम्ही वहीत प्रश्न लिहून नेले होते. हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता? तुमच्या रुग्णांपैकी कितीजणांचं ऐकणं गेलं? ऑपरेशन चालू असताना कानाचं आणि चेहऱ्याच्या नर्व्हचं मॉनिटरिंग होतं का, की त्या दिवशी मशिन आणि तंत्रज्ञ बाहेरून येतात? झटके थांबले नाहीत तर पुढे काय? पहिल्या ठिकाणी या प्रश्नांचा राग आला. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, एमआरआय पडद्यावर लावला आणि पेनच्या टोकानं ती काळी रेघ दाखवली. "बाई, हे तुमच्या मनाचं नाही, हे बघा इथे आहे," असं म्हणाले. ताई ओक्साबोक्शी रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला हे दाखवून दिलं होतं.

माझं स्पष्ट मत सांगते : जवळचं हॉस्पिटल की लांबचं, खासगी की सरकारी, यापेक्षा त्या सर्जनचा याच ऑपरेशनमधला हात महत्त्वाचा. मिरज, कोल्हापूर, पुणे जिथे तो हात सापडेल तिथे जा. बंगळूरचं निमहान्स किंवा मुंबईचं केईएम अशा मोठ्या संस्थांतही दुसरं मत घेता येतं, आणि मिरजेहून दोन्ही शहरांना थेट रेल्वे आहे. चार महिने थांबून योग्य जागी जाणं परवडतं, हा आजार तेवढी सवड देतो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा आणि मंजुरी आल्याशिवाय भरती होऊ नका. खासगीत जाणार असाल तर आयसीयू, भूल, मॉनिटरिंग सगळं धरून खर्चाचा अंदाज लेखी मागा. मॉनिटरिंगचा खर्च बऱ्याचदा वेगळा निघतो.

तयारी

ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनानं बंद करू नका. काढे, आयुर्वेदिक गोळ्या, वैदूचं औषध जे चालू असेल ते भूलतज्ज्ञांना न लाजता सांगा. आणि मिश्री. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्री लावतात आणि "तंबाखू खाता का" या प्रश्नाला सरळ "नाही" म्हणतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती काही आठवडे आधी बंद करा. साखर आणि बीपी ताब्यात हवं. केस पूर्ण काढत नाहीत, कानामागचा हाताच्या तळव्याएवढा पट्टा काढतात. ताईला याचीच धास्ती होती, पण वरचे केस सोडले की काही दिसत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं

पूर्ण भूल देतात. रुग्णाला कुशीवर झोपवून, झटके येणाऱ्या बाजूच्या कानामागे बोटभर लांबीचा छेद घेतात आणि हाडात रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी खिडकी करतात. मेंदूचं आवरण उघडून आतलं पाणी हळूहळू वाहू देतात. त्यामुळे लहान मेंदू आपणहून मागे सरतो आणि त्याला फार ओढावं लागत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली, जाळीसारखे पातळ पदर सोडवत सर्जन नर्व्हच्या मुळाशी पोचतात. तिथे टेकलेली धमनी अलगद उचलायची आणि दोघींच्या मध्ये टेफ्लॉनची कापसासारखी पिंजलेली गादी ठेवायची, एवढंच मुख्य काम. नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो, तेच हे टेफ्लॉन. ते शरीरात विरघळत नाही, धमनी आणि नर्व्ह यांना कायमचं वेगळं ठेवतं. मेंदूतलं काहीही कापत नाहीत, काहीही काढत नाहीत.

या सगळ्या वेळात कानात बारीक टिकटिक सोडून ऐकण्याची नर्व्ह शाबूत आहे ना हे बघत असतात. चेहऱ्यावरही तारा लावलेल्या असतात : नर्व्हच्या एका फांदीला हलका करंट दिला की या आजारात दुसऱ्या फांदीचा स्नायूही उडतो. धमनी सुटली की तो चुकीचा प्रतिसाद बऱ्याचदा तिथल्या तिथे गायब होतो, आणि नेमकी हीच धमनी होती याची सर्जनला खात्री पटते. शेवटी आवरण पाणी गळणार नाही असं शिवतात. सगळं धरून तीन-चार तास. बाहेर बसलेल्यांना ते फार लांब वाटतात, जेवून घ्या आणि एकजण कायम दाराशी राहा.

नंतर

पहिली रात्र आयसीयूत. डोकं दुखतं, मळमळतं, खोली फिरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठवून चालवतात, चार-पाच दिवसांत घरी.

आता ज्या गोष्टीची आम्हाला कुणी नीट तयारी करून दिली नव्हती ती. शुद्धीवर आली तेव्हा ताईचा चेहरा शांत होता. दाजी बाहेर जाऊन पेढे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिची पापणी पुन्हा फडफडली. कप तसाच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. ऑपरेशन फुकट गेलं, असंच आम्हा दोघींना वाटलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की इतकी वर्षं घासलेली नर्व्ह एका दिवसात शांत होत नाही. काहींचे झटके लगेच थांबतात, काहींचे आठवड्यांनी, काहींचे कित्येक महिन्यांनी. म्हणून साधारण एक वर्ष गेल्याशिवाय ऑपरेशन फसलं असं म्हणत नाहीत आणि दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करत नाहीत. ताईचे झटके विरळ होत होत सहाव्या आठवड्यात थांबले.

दुसरी घाबरवणारी गोष्ट : काही रुग्णांचं तोंड ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी अचानक वाकडं होतं. घरी सगळं ठीक चाललेलं असताना हे झालं की लोक लकव्याचं औषध देणाऱ्याकडे धावतात. धावू नका, आपल्या सर्जनला फोन करा. हे बहुतेकांत काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येतं. तोवर डोळा नीट मिटत नसेल तर थेंब घालायचे आणि रात्री पापणी मिटवून पट्टी लावायची, नाहीतर बुबुळाला इजा होते.

नाकातून, कानातून किंवा टाक्यांतून पाण्यासारखं पातळ काही गळलं, घशात खारट पाणी उतरल्यासारखं वाटलं, ताप येऊन मान ताठली, उलट्या थांबेनात, ऐकू येणं एकदम कमी झालं, गिळताना ठसका लागू लागला किंवा आवाज बसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. खारट पाणी म्हणजे मेंदूभोवतालचं पाणी झिरपत असू शकतं, आणि त्यातून संसर्ग आत जातो.

घरी उशी जरा उंच. नाक जोरात शिंकरायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, वाकून कळशी उचलायची नाही, किमान महिना-दीड महिना. सुनेनं किंवा मुलीनं पाणी भरलं म्हणून घराची रीत मोडत नाही. टाके सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास निघतात. पुण्याला ऑपरेशन झालं असेल तर टाके निघेपर्यंत तिथेच कुणा नातेवाइकाकडे राहिलेलं बरं. हायवे चांगला आहे, पण परतताना पेठ नाक्याला सांगलीकडे वळल्यापासून पुढे गतिरोधकांच्या प्रत्येक धक्क्याला ताईनं कानामागे हात धरला होता, ते मी विसरलेले नाही.

ताई अडीच महिन्यांनी शाळेत रुजू झाली. त्याआधी पुन्हा ऑडिओमेट्री केली, ऐकणं दोन्ही कानांनी सारखं होतं. ही दुसरी तपासणी बरेच जण चुकवतात, तुम्ही चुकवू नका. फाइलमध्ये एमआरआयची सीडी, ऑपरेशनची नोंद, दोन्ही ऑडिओमेट्रीचे कागद एकत्र ठेवा. ऑपरेशनच्या आधी काढलेला व्हिडिओही पुसू नका. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर तोच मागतात.